करंगळी नसलेलं पाऊल

यादवराव फौजदारसाहेबांच्या पायाशी, अकोटच्या सुभान माळ्याचा रामराम.

आज तुमच्या निरोपाले अख्खं अकोला लोटलं होतं. जो तो सांगून राहिला होता, साहेबाच्या नजरेतून चोराचं एक पाऊल सुटलं नाही. मले उभ्या जागी राहवेना. एक सुटलं, अन् ते आपल्या दोघालेच ठाऊक.

कापूस सोन्याच्या भावानं जात होता त्या साली व्यापाऱ्याच्या गाडीतून मी एक गठडी उचलली. तुमी माग काढत थेट माह्या वाडीत आले. डाव्या पायाले करंगळी नाही, असं पाऊल गावात माहंच. मागून व्यापाऱ्याची माणसं येऊन राहिली होती. मी म्हटलं, "साहेब, भुललो. परत ठेवतो." तुमी गुराख्याले हाक देल्ली, "ढोरं सोड रे, कवाची खोळंबली." ढोरं गेली, माग पुसला. सकाळी गठडी चावडीसमोर होती.

आज हार घालाले वाकलो, तर तुमी पह्यले माह्या पायाकडेच पाहिलं. हळूच म्हणाले, "आता तरी जोडा घालत जाय."

हा कागद धाडत नाही. कोणी वाचला तर तुमच्या नावाले बट्टा लागन. पण साहेब, तिथून निघालो तो सरळ चांभाराकडे गेलो. नवा जोडा असा करकर वाजून राहिला, का अख्खा बाजार वळून पाहते.

तुमचा सुटलेला,
सुभान