निम्म्या फीचं कॉलेज

चांदवड,
११ ऑगस्ट २००३

तीर्थरूप धनराजदाजी यांना दीपकचा दंडवत.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही? सरिताताई फोनवर म्हणाली की अंबडच्या कंपनीने तुम्हाला बसून करायचं काम दिलं आहे. ऐकून बरं वाटलं. माझंही काम हल्ली बसूनच असतं, कारण समोर फारसं कुणी नसतं. इकडे सर्व ठीक आहे, असं घरच्या पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आता खरं लिहितो. (हे फोनवर सांगता आलं असतं, पण कॉलेजच्या फोनला अण्णांनी कुलूप घातलं आहे, आणि घरून केला तर ताई मधेच फोन काढून घेते.)

आमचं कॉलेज कसं निघालं ते तुम्हाला ठाऊक आहेच. जो तो आपल्या पोराला कॉम्प्युटर शिकवायला निघाला होता, त्या साली विंचूरच्या मार्केटातले कांद्याचे व्यापारी निवृत्तीअण्णा यांचं हायवेलगतचं एक गोदाम रिकामं पडलं होतं. तिथे पूर्वी बारदान ठेवत. (पहिलं वर्षभर प्रॅक्टिकलला पोरं शिंकत असत.) अण्णांनी त्यात वीस कॉम्प्युटर मांडले, दारावर आपल्या मातोश्रींचं, म्हणजे कै. गोजराबाईंचं नाव घातलं आणि मला प्रभारी प्राचार्य केलं. मी चार वर्षं प्रभारीच आहे. कायम केलं तर पगारही कायम द्यावा लागतो, अशी अण्णांची समजूत आहे. पहिल्या वर्षी ऐंशी मुलं आली, मग बावन्न, मग एकतीस. तिकडे अमेरिकेत कंपन्या बुडाल्या आणि इकडे चांदवड-निफाडच्या पोरांनी बी.सी.एस.चे अर्ज न्यायचं बंद केलं. या जूनमध्ये चौदाच अर्ज आले.

अण्णांनी मीटिंग घेतली. मीटिंग म्हणजे अण्णा बोलतात आणि आम्ही पाच प्राध्यापक चहा पितो. त्यांचं म्हणणं असं, की माल पडून राहिला की भाव उतरवायचा, यात शिकल्यासवरल्या माणसांनी एवढं काळजीत पडण्यासारखं काही नाही. अठरा हजारांची फी त्यांनी जागच्या जागी नऊ हजार केली. मी म्हणालो की फी खरोखरच जास्त होती, ती कमी केली हे चांगलंच झालं, पण मग खर्चाचं काय? अण्णा म्हणाले की त्याचीही सोय केली आहे. दुसऱ्या दिवशी कळलं की सोय म्हणजे आमचे पगार. तेही निम्मे.

हायवेवर बोर्ड लागला. रंगाऱ्याने ‘फी निम्मी’ एवढं दांडगं काढलं, की खाली ‘शिक्षण तेवढेच’ लिहायला वीतभर जागा उरली. धुळ्याकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांना फक्त वरचं दिसे. मला तर वाटतं, साऱ्या तालुक्याला फक्त वरचंच दिसलं. लोकांनी धरून चाललं की कॉलेज बुडत आहे, आणि जे बुडत आहे त्यात नऊ हजार तरी का घाला? पाच जणांनी येऊन आपले दाखले परत नेले. त्याच आठवड्यात पुंजाराम नावाचे एक पालक आले. त्यांच्या मुलाने आमच्याकडे पहिलं वर्ष अठरा हजार भरून केलं होतं. पुंजाराम शांतपणे खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “सर, आता नऊ घेता. मंग गेल्या साली नऊ हजाराचं जास्तीचं जे शिकवलं, तेवढं मला दाखवा.” मी त्यांना अभ्यासक्रमाचं पुस्तक दाखवलं. त्यांनी त्याची पानं मोजली, यंदाच्या पुस्तकाची मोजली, दोन्ही सारखी भरली. मग त्यांनी मुलाचा दाखला मागून घेतला. तो मुलगा आता त्यांच्या पिकअपवर टोमॅटो वाहतो आणि परवा दिसला तेव्हा माझ्यापेक्षा खुशीत होता.

त्यानंतर अण्णांनी नियम केला की मूळ दाखले कपाटात बंद राहतील, आणि ज्याला न्यायचा असेल त्याने तिन्ही वर्षांची फी एकदम भरावी. तोवर पहिल्या वर्षाला नऊ मुलं उरली होती. (नाशकात सिंहस्थ सुरू झाला तेव्हा अण्णा मला म्हणाले, तिथे लाखांनी माणसं येतात सर, आणि तुम्हाला नऊच्या वर सापडत नाहीत. मी काय गोदाघाटावर अर्ज वाटायला हवे होते?) पगार निम्मे झाल्यावर माझे चारही सहकारी एकेक करून गेले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षांना शिकवायला तासावर दोन माणसं येतात. पहिल्या वर्षाला गणित, इलेक्ट्रॉनिक्स, इंग्रजी आणि प्रोग्रॅमिंग मीच शिकवतो. प्रोग्रॅमिंगमध्ये मी मुलांच्या एक पान पुढे असतो. आदल्या दिवशी पाहुणे आले तर तेवढाही नसतो. तुम्ही म्हणाल, तू का नाही गेलास? एक्केचाळिसाव्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्सच्या मास्तरला दारात कोण उभं करतं, दाजी?

त्या नऊ जणांत मोहिनी नावाची मुलगी होती. तिची आई नवसाबाई विंचूरला खळ्यावर कांदा निवडायला जाते. वडील हमाल होते, त्यांची पाठ धरली तेव्हापासून घरीच असतात. साऱ्या तालुक्यात आमची निम्मी फी ज्यांच्या खरोखर उपयोगी पडली, असं हे एकच घर असेल. प्रवेशाच्या दिवशी नवसाबाईंनी बोर्डावरचं सगळं वाचून घेतलं होतं, अगदी खालची बारीक ओळसुद्धा. त्यांनी मला विचारलं, “सर, फी निम्मी केली. शिकवणं बी निम्मं नाय ना केलं?”

मी म्हणालो, “नाही हो. शिकवणं पूर्ण.”

हे मी हसत म्हणालो. तेव्हा मला दोन गोष्टी ठाऊक होत्या. माझे दोन सहकारी आधीच गेले होते. आणि नाशिकच्या एका अनुदानित कॉलेजात साधं बी.एस्सी. आमच्या निम्म्या फीच्याही निम्म्यात होतं, आणि तिथे शिकवायला माणसं होती. मोहिनीला बारावीला एकाहत्तर टक्के होते, तिथे सहज बसली असती. मी सांगितलं नाही. नवाचा आकडा मला हवा होता.

अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद असतात. जुलैतल्या अमावास्येला नवसाबाई कॉलेजात आल्या आणि वर्ग बघायचा आहे म्हणाल्या. नाही म्हणायला नियम आठवेना. त्या मागच्या बाकावर बसल्या. पहिल्या तासाला मी गणित शिकवलं. मग बाहेर जाऊन, पाणी पिऊन, इंग्रजीचा सर म्हणून आत आलो. (कशाला बाहेर गेलो, देव जाणे.) तिसऱ्या तासाला प्रोग्रॅमिंगचं पुस्तक घेऊन आलो तेव्हा नऊही मुलं खाली मान घालून बसली होती. वीसपैकी सहा कॉम्प्युटर अण्णांच्या विंचूरच्या ऑफिसात गेलेत, उरलेले चौदा झाकून ठेवले होते. तास संपल्यावर नवसाबाई जवळ आल्या. मला वाटलं, आता भांडतील. त्यांनी आवाजही चढवला नाही.

“पोरगी सांगत व्हती, तिन्ही तासांना एकच सर येतात. मला खोटं वाटलं,” त्या म्हणाल्या. “आम्ही खळ्यावर गोल्टी येगळी काढतो. गोल्टी हाय म्हणून सांगून विकली, तर कोणी नावं ठेवत नाय सर.”

गोल्टी म्हणजे तो बोराएवढा कांदा, तुम्हाला माहीतच आहे. फीचा भरलेला हप्ता त्यांनी परत मागितला नाही. दाखलाही मागितला नाही. तो मिळत नाही हे मोहिनीने त्यांना सांगितलं होतं. त्या नमस्कार करून गेल्या, आणि मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी शिपाई दत्तूला कपाटाची किल्ली मागितली. दत्तूने ती दिली आणि तो खिडकीतून हायवेकडे बघत उभा राहिला. मी मोहिनीचा दाखला काढला, माय-लेकींना घेतलं आणि नाशिकची एस.टी. पकडली. गाडीत एवढे साधू, की मी पिंपळगावपर्यंत एका पायावर होतो. अनुदानित कॉलेजातला क्लार्क म्हणाला की उशिराच्या प्रवेशाचे दोनच दिवस राहिलेत. त्याने मार्क बघितले आणि विचारलं, “ही जूनमध्येच का नाही आली?” नवसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्याच म्हणाल्या की आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

अण्णांना दुसऱ्याच दिवशी कळलं. मला बोलावून ते एवढंच म्हणाले, “सर, मी चौदाचे नऊ झालेले सोसले. नवाचे आठ तुम्ही केलेत.” मी खिशातून राजीनामा काढून टेबलावर ठेवला. दाजी, तुम्ही तिथे असतात, तर तुम्हाला आपल्या मेव्हण्याचा अभिमान वाटला असता.

ताईला नमस्कार, आरोहीला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा, आणि ते लावायला ताईला सांगू नका, स्वतः लावा.

तुमचा,
दीपक

ता.क. : मोहिनीला प्रवेश मिळाला, पण वसतिगृहात बंदोबस्ताचे पोलीस उतरले आहेत, पर्वण्या संपेपर्यंत खाट नाही. तोवर दीड-दोन महिने ती नाशकातच, तुमच्याकडे अंबडला राहिली तर चालेल का? मुलगी शांत आहे, आरोहीचं गणित घेईल. ताईला विचारलं आहे, ती हो म्हणाली. खरं सांगायचं तर मोहिनी परवाच तिथे पोचली आहे आणि तुमच्या माळ्याखालच्या खोलीत आहे. तुम्हाला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

ता.क. २ : राजीनाम्याचं वर लिहिलं ते खरं आहे. पण पुढचं दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. अण्णांनी तो वाचला, घडी घालून मला परत दिला आणि विचारलं, उद्या नऊचा तास कोण घेणार? तो तास मी घेतला. कपाटाची किल्ली अण्णांनी दत्तूकडून काढून माझ्याकडे दिली आहे; म्हणाले, आता तुमच्यावरच भरवसा. आत पहिल्या वर्षाचे आठ दाखले आहेत. त्या आठांपैकी एकाचीही आई अजून वर्ग बघायला आलेली नाही.