नदीकडची खिडकी

४ नोव्हेंबर
आलो बाई एकदाचे! नाशिकच्या फ्लॅटमध्ये कॅनव्हास उभा करायचा तर आधी कॉट उभी करावी लागायची. इथं इंझोरीच्या पुढं, अडाण नदीच्या खोऱ्यात, आख्खं मातीचं घर आमचं. म्हणजे माझं आणि माझ्या सात वर्षांच्या अंजूचं. घरमालक जानराव आणि त्यांची बायको तुळसाबाई शेजारच्या मळ्यात वांगी आणि सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, लावतात. तुळसाबाईंनी आल्या आल्या भाकरी-झुणका दिला, आणि वर, पोरगी लयच वाळेल हाय वो, म्हणून ऐकवलंही. मला हसू आलं, अंजू फुगून बसली.

६ नोव्हेंबर
घरात एकच खोट. नदीकडच्या भिंतीला खिडकीच नाही. आणि तीच उत्तरेची भिंत! उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, आम्हा चित्रकारांचा जीव त्यात. फिरून पाहिलं, तर काठच्या एकाही घराला त्या बाजूनं साधा झरोका नाही. तुळसाबाईंना विचारलं. म्हणाल्या, नदीले घरातलं लेकरू दिसू द्याचं नसते. दिसलं का तिले आवडते, मंग नदी कायले वापस देते? मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, अंधारात काय डोंबल रंगवू?

९ नोव्हेंबर
जानराव-तुळसाबाई लग्नाला किन्हीराजाला गेलेत. गावातला मिस्त्री नाहीच म्हणाला, मग आसेगावहून बोलावला. दुपारपर्यंत खिडकी तयार. काय उजेड! समोर नदी, इस्त्री केल्यासारखी. अंजूला खिडकीच्या कट्ट्यावर बसवलं, पाय नदीकडं सोडून, मान वळवून माझ्याकडं. कंटाळली बिचारी, पण हलली नाही.

१४ नोव्हेंबर
चित्र झालं. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं, उगाच नम्रपणा कशाला! फक्त अंजूचे केस वाळत नाहीत. तैलरंगाला वेळ लागतो, कबूल. पण बोट लावलं तर बोटाला रंग नाही, पाणी लागलं. गढूळ.

१६ नोव्हेंबर
सकाळी अंजूचे केस ओले. अजून आंघोळ व्हायची होती. म्हणाली, एक काकू खिडकीतून वेणी घालून देतात. थापा मारते म्हणून रागावले तिच्यावर. मग कंगव्यात शेवाळ दिसलं.

१७ नोव्हेंबर
तुळसाबाई परतल्या. खिडकी पाहून जानरावांना हाका मारत धावल्या. जानरावांनी लगेच विटा रचल्या, तुळसाबाईंनी शेणामातीनं लिंपलं. म्हणाल्या, आता नाई दिसत तिले, झोपा तुमी. जीव भांड्यात पडला.

१८ नोव्हेंबर
भिंत बुजली, पण चित्रातली खिडकी उघडीच आहे. नदी मी लांब रंगवली होती. आज पाणी कट्ट्याला टेकलंय. मी ब्रशला हातसुद्धा लावलेला नाही.

१९ नोव्हेंबर
चित्रात पाणी अंजूच्या कमरेपर्यंत. इकडं अंजू खोकते, तोंडातून गाळ पडतो. डॉक्टर म्हणाले छाती साफ आहे. चित्र जाळायला निघाले. काडी जवळ नेली आणि आतल्या खोलीत अंजू किंचाळली, आई, भाजतंय—

२० नोव्हेंबर, सकाळ
गळ्यापर्यंत. काय करू? तुळसाबाईंनी केलं तेच. चित्रातली खिडकी बुजवायची. मातीचा रंग, जाड, सुरीनं—

दुपार
पाणी तोंडाशी आलं होतं, थांबायला वेळच नव्हता. सगळी खिडकी झाकली. आतला खोकला थांबला! देवा, थांबला. आता जाऊन तिला घट्ट—

अंथरूण ओलं. अंजू नाही.

बुजवलेल्या खिडकीपाशी थापा ऐकू येतात. छोट्या हाताच्या. तुळसाबाईंनी पहारीनं विटा काढल्या. पलीकडं नुसतं ऊन आणि नदी. कोणी नाही. थापा चालूच.

कॅनव्हासमागून येतात—

मीच बसवलं होतं. पाय नदीकडं सोडून. मीच तिला पलीकडं ठेवून भिंत— सुरी कुठं गेली— रंग ओला आहे अजून, नखांनी खरवडते— केस लागले हाताला— थापा हळू होतायत— अंजू, मान इकडंच ठेव बाळा, आईकडं ब—