व्हिटलॉक ‘येते’ म्हणाला

२ सप्टेंबर, सोमवार

लागली एकदाची नोकरी! लग्नानंतर निनादबरोबर दुबईत, करामा भागात आले आणि पोळ्या लाटता लाटता हातातली कला विसरले की काय अशी धास्ती होती, पण कापूस हातात घेतला आणि बोटं आपोआप चालू लागली. स्टुडिओ अल कूझमधल्या एका गोदामात आहे. बाहेर टायरची दुकानं आणि भट्टी पेटल्यासारखं ऊन, आत एसी इतका की उद्या निनादचा स्वेटर पळवणार आहे. श्रीमंतांची जुनी चित्रं इथे साफसूफ व्हायला येतात. मुख्य उमैमा मॅडम सुदानच्या, बोलायला गोड आणि कामाला कडक. चित्रं उचलणारा-ठेवणारा यहया पेशावरचा. त्याने जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून ‘कसं काय’ आणि ‘चला’ शिकून घेतलं आणि दिवसभर सगळ्यांवर त्याचा मारा केला.

माझ्या वाट्याला आलाय इझ्रा व्हिटलॉक. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन चित्रकार, गावोगाव हिंडून लोकांचे चेहरे रंगवायचा. हे मात्र त्याचं स्वतःचंच चित्र. काळा कोट, हातात कुंचला, आणि वरचं व्हार्निश इतकं पिवळं पडलंय की गृहस्थ काविळीतून उठल्यासारखा दिसतो. निघताना सवयीने त्याला म्हटलं, ‘येते हं.’ यहया खो खो हसला. त्याला समजावलं की आमच्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, अशुभ असतं. ‘येते’ म्हणायचं, आणि मागे राहणाऱ्याने ‘या’ म्हणायचं. तो म्हणाला, कमाल है, जाते हुए बोलते हो आती हूँ.

५ सप्टेंबर, गुरुवार

कपाळ आणि एक गाल साफ झाला. जुन्या रंगावरचा मळ काढायला माणसाच्या थुंकीसारखं दुसरं औषध नाही, आम्ही कापसाचा बोळा जिभेवर ओला करून फिरवतो. अस्मीला हे सांगितलं तर तिने नाक मुरडून ‘ईऊ, सो डिस्गस्टिंग’ म्हणून घेतलं. माझं नऊ वर्षांचं कार्टं, जन्म दुबईचा, मी मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देते.

उमैमा मॅडम आज निवांत होत्या. म्हणाल्या, चित्रकार स्वतःला आरशात बघून रंगवतो, तेव्हा तू जिथे स्टूल टाकून बसतेस तिथेच त्याचा आरसा असणार. तो तुझ्याकडे नाही, आरशाकडे बघतोय. त्यांनी आणखी एक सांगितलं. त्याची मुलगी घर सोडून गेली होती. ती परत येईल तेव्हा तिला द्यायला म्हणून त्याने हे काढलं, आणि ती कधीच आली नाही. निघताना जरा मायेनेच म्हटलं, येते हं.

९ सप्टेंबर, सोमवार

शनिवार-रविवार दीड दिवसाचा गणपती झाला. बाल्कनीत बादलीत विसर्जन केलं. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ हे अस्मीचं एकमेव न चुकणारं मराठी वाक्य, ते तिने सगळ्या बिल्डिंगला ऐकवलं.

आज संध्याकाळी दिवे मालवले, पर्स खांद्याला लावली, तेवढ्यात मागून आवाज आला, ‘येते हं.’ चक्क पुरुषाचा आवाज! मला हसूच फुटलं. यहयाला पुरुषाने ‘येतो’ म्हणायचं असतं हे सांगायचं राहिलंच होतं. वळूनही न बघता ‘या, या’ म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

११ सप्टेंबर, बुधवार

यहया रविवारीच एक पेटी पोचवायला अबू धाबीला गेला होता, आणि मी समजत होते मागे पेट्या भरतोय. आज परतला. मी त्याला ‘येतो’ शिकवायला गेले तर म्हणाला, मॅडम, वल्ला, खुदा की कसम, मैं तो यहाँ था ही नहीं.

मग मी चित्रापाशी गेले. पहिल्या दिवशी काढलेल्या फोटोत व्हिटलॉक सरळ समोर बघतोय. कॅनव्हासवर तो दाराकडे बघतोय. उमैमा मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, पिवळेपणा गेला की नजर वेगळी दिसते, हबीबती, तू दमलीयेस, खलास, घरी जा. घरी आले.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

लिफ्टमध्ये जवसाच्या तेलाचा वास. रंगात कालवतात ते तेल. आमच्या पॅसेजमध्येही तोच. निनाद म्हणतो, शेजारी तळत असतील.

अस्मीने जेवताना विचारलं, लिफ्टमधले ते अंकल कोण? एवढ्या उन्हात काळा कोट घालतात आणि तुझ्यासारखं ‘येते’ म्हणतात, पण रॉंग म्हणतात ना, ते तर बॉय आहेत. मी विचारलं, तू काय म्हणालीस? ती म्हणाली, ‘या.’ यू ओन्ली टॉट मी.

मी उठून दाराला आतून कडी घातली.

१६ सप्टेंबर, सोमवार

कोट आहे. हात आहे, कुंचला आहे. चेहरा नाही.

खरवडलेला नाही, पुसलेला नाही. तिथे नुसता तपकिरी रंग, आणि त्यात जुन्या भेगा, जणू तिथे कधी कुणी नव्हतंच. उमैमा मॅडम माझ्यावर ओरडल्या की मी साफ करताना तोंडच धुऊन काढलं. उद्यापासून येऊ नको म्हणाल्या. नोकरी गेली आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला फक्त अस्मी बसमधून उतरायच्या आत घरी पोचायचं होतं.

निनादला सगळं सांगितलं. तो डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतोय.

१७ सप्टेंबर, मंगळवार

दाराबाहेरून. सकाळी. मग दुपारी. ‘येते हं.’ मी शिकवलं तसंच, माझाच हेल.

मी गप्प. तोंडावर हात दाबून गप्प. त्याला उत्तर हवंय. स्टुडिओतून निघायला मी ‘या’ म्हटलं, लिफ्टमध्ये अस्मीने म्हटलं, आता फक्त हा उंबरा राहिलाय. त्याला पोर हवंय — माझं पोर —

ठरवलं. आता आवाज आला की दारात जे कधी म्हणत नाहीत तेच म्हणायचं.

१८ सप्टेंबर, बुधवार, सकाळ

म्हटलं. स्वयंपाकघरात होते, मिक्सर चालू होता. दाराकडून ‘येते हं’. मी जीव खाऊन ओरडले — जा! जा, परत येऊ नकोस!

दार लागलं.

बाहेर आले तर बूट नाहीत. दप्तर नाही. अस्मी रोज बाय म्हणते. रोज. आज मला बरं वाटावं म्हणून तिने —

तिचा डबा माझ्या हातात आहे.

दुपार

बसमध्ये चढलीच नाही. वॉचमनने कॅमेरा दाखवला. लिफ्टमध्ये शिरताना दिसते. खाली दार उघडतं, आत कुणी नाही.

निनाद पोलिसांकडे. मी काय बोलले ते त्याला सांगितलं नाही. कसं सांगू. आईच्या तोंडचं —

संध्याकाळ

दार. अस्मीचा आवाज.

‘आई, येते हं.’

अस्मी मला मम्मा म्हणते. आई कधीच नाही —

निनाद फोन उचलत नाही

फटीतून तेलाचा वास

पुन्हा. रडतेय. ती रडतेय किंवा तो तिच्यासारखा —

ती नाही. मला कळतंय ती नाही. पण तिला जा मीच म्हटलंय. आणि ती असली तर? ती असली आणि मी गप्प बसले तर? दुसऱ्यांदा —

म्हटलं. ये बाळा म्हटलं. हँडल फिर