टिनावरचे धोंडे

बुलढाणा,
२ जून, दुपार

श्री. जीवन यांस,
सा. न. वि. वि.

दिवाळीपासून तुमच्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही, त्याबद्दल माफी मागते. ही माफी मनापासून आहे की रीत म्हणून, हे आत्ता स्वतःला विचारून पाहिलं. नीट उत्तर आलं नाही, तेव्हा जशी आहे तशी घ्या. इकडे ठीक आहे. मामाजींचा गुडघा दुखतो, पण जेवण व्यवस्थित आहे. स्वतःचे वडील माझ्याकडे ठेवून समुद्र बघायला गेलेल्या माणसाला एवढी खुशाली पुरे.

तुमचा फोन सकाळपासून लागत नाही. तुमच्या शेजारच्या अन्नपूर्णाबाईंचा लागला. म्हणाल्या, वादळ उद्या दुपारी किनाऱ्याला लागणार, वाडीतली माणसं वरच्या शाळेत गेली, आणि तुम्ही घर सोडायला तयार नाही. "तोंडी निरोप देऊ नका हो. त्यांना वाटतं, बाहेर काढायला आम्ही थापा मारतो. तुमच्या हातचं लिहून फोटो पाठवा, अक्षर तरी ओळखतील." शेवटची जीप अंधार पडायच्या आत निघणार आहे. म्हणून हे पत्र.

तुम्ही केलेली तयारी मला ठाऊक आहे. कशी, ते पुढे येईल. शहाळ्यांसकट सगळे नारळ उतरवलेत, झावळ्या तोडल्यात, समुद्राकडच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्यात, पाण्याची टाकी काठोकाठ भरलीत. हे सगळं बरोबर आहे. तुमच्याबद्दल हा शब्द लिहायची सवय मोडली आहे, पण बरोबर ते बरोबर.

आता टिनाचं. त्या घरावर चांगली कौलं होती. ती काढून तुम्ही आपल्या देऊळघाटच्या घरांसारखं टिन घातलंत, कारण कौलं शाकारायला कोकणातली माणसं लागतात आणि तुम्हाला कोणाची गरज लागत नाही. आणि आता त्या टिनावर तुम्ही धोंडे ठेवलेत. चिऱ्याचे, एकेक दोन हातांनी उचलावा लागेल एवढे. तुमची खाट त्यांच्याच खाली आहे.

आपल्याकडे ते चालतं. वावधनाचं वारं येतं, एका अंगानं सुटतं, घटकाभर टिनं वाजवतं आणि नांदुऱ्याकडे निघून जातं. तेवढ्यापुरते धोंडे टिन दाबून धरतात. तिकडचं वारं दिवसभर थांबत नाही, आणि मध्येच दिशा बदलतं. पत्रा एकदा खालून उचलला की धोंडा कुठे जाणार, हे सांगायला समुद्राकाठी जन्मावं लागत नाही. मी समुद्र दोनदाच पाहिलाय आणि इथे पंख्याखाली बसून तुम्हाला शिकवते आहे, हे मला कळतं. तरीही शिकवते. पत्रा तारेनं बांधायचा असतो, वरून दाबायचा नसतो. आता बांधायला वेळ नाही. एकट्यानं वर चढून धोंडे काढायलाही जाऊ नका.

धोंडे ठेवायला कोणी सांगितलं, तेही मला माहीत आहे. शनिवारी मामाजी मला ऐकू येईल एवढं फोनवर ओरडून बोलत होते. "टिनावर धोंडे ठेव बे. मंग काय भेव हाय?" मी स्वयंपाकघरात होते. ऐकलं आणि गप्प बसले. वाटलं, बाप-लेकात मी कशाला पडू. खरं म्हणजे वाटलं, उडू दे ते टिन. घर उडावं असं वाटलं होतं, माणूस नाही. हा फरक तेव्हा मनात होता का, हे मी आज तपासून पाहते आहे.

जेवण झाल्यावर मामाजींपुढे बसले. म्हटलं, "मामाजी, त्यांना धोंडे ठेवायला सांगितलं ते चुकलं."

"काऊन? आपल्या गोठ्याचं टिन उडालं का कवा?"

"तिकडचं वारं वेगळं आहे. धोंडे घरात पडतील."

"तू पुस्तकात वाचलं असन."

"वाचलंच आहे."

"मंग पुस्तकालेच सांग," म्हणाले आणि तोंड फिरवून तंबाखू मळायला लागले. मी उठले नाही. मळता मळता त्यांनी विचारलं, "थो निजते कुठी?" मी सांगितलं, धोंड्यांच्या खाली. हातातली तंबाखू त्यांनी तशीच खाली टाकली. "फोन लाव." लावला. लागला नाही. परत लाव म्हणाले, परत लागला नाही. मग म्हणाले, "तू लिहून राह्यली ना त्याले? माह्यंही लिही." ते सांगत गेले तसं लिहिते, एक शब्द माझा नाही:

"जीवन, म्या सांगतलं ते चुकलं. इकडचं तिकडं चालत नसते, हे मले समजलं नाही. घराले राहू दे. घर जाते अन् घर होते. तू निंघ. शाळेत जाय. बायको सांगते म्हून नको जाऊ, बाप सांगते म्हून जाय."

शेवटचं वाक्य गाळावं असं माझ्या मनात आलं होतं. गाळलं नाही.

एवढ्यावर तुम्ही निघाला असता, तर पत्र इथे संपवलं असतं. पण अन्नपूर्णाबाईंनी तुमचं उत्तरही सांगितलं. तुम्ही त्यांना म्हणालात, "समीक्षा चिपळूणहून येऊन राह्यली. पोरगी येईल अन् घराले कुलूप दिसेल? ती आली का दोघं संगं निंघू." वाडीची वाट अंधारात तिला सापडायची नाही म्हणून दारात कंदीलही आत्तापासूनच लावून ठेवलात.

समीक्षा येणार नाही. ती चिपळूणला निशिगंधाकडे गेलीच नव्हती. ती इथे, बुलढाण्याला आहे. आज सकाळी पोचली. तुमच्या नारळांचं, फळ्यांचं, धोंड्यांचं मला तिनंच सांगितलं. मी तिला परवा फोन करून बोलावलं, आणि मैत्रिणीकडे एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येते असं तुम्हाला सांगायला मीच लावलं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही रागावला नसता, नुसते गप्प झाला असता, आणि ती तिथेच राहिली असती. तुमच्या गप्प राहण्यापुढे ती विरघळते. मीही एके काळी विरघळायचे. पोरीला काढून आणलं याचा मला पश्चात्ताप नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा आणीन. तुम्हाला तिची वाट बघत बसवलं, त्याचा आहे.

हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. सगळं पत्र तुमच्या चुका मोजण्यात गेलं आणि माझी तेवढी तळाशी राहिली. नव्यानं लिहायला वेळ नाही. अन्नपूर्णाबाई, तुम्ही हे वाचत असाल तर त्यांना हे शेवटचं पान आधी दाखवा.

समीक्षा शेजारी उभी आहे. मी म्हटलं, दोन ओळी तू लिही. म्हणाली, "खोटं तुझ्यासाठी बोलले. खरं तू लिही, सही मी करते." ती खाली सही करते आहे. तिचं अक्षर तुम्ही ओळखता. यात थाप नाही.

कंदील विझवा आणि जीपमध्ये बसा. माझा राग तुम्ही शाळेत पोचल्यावरही शिल्लक राहील, तो वादळात जाणार नाही. तुम्ही आयतेच वाहून गेलात तर तो मी कोणावर काढू?

मामाजींची सून,
अनुपमा

समीक्षा जीवन

ता. क. उद्या सकाळी शाळेत फोन करून तुम्ही पोचलात का ते विचारीन.