तोशपुलात बुवांची आदर्श बाग

२ मार्च, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. रोज. खाडा नाही.
पुस्तक लिहायला घेतोय. 'अंगणातली बाग : लहानांसाठी आणि थोरांसाठी'. असं पुस्तक अख्ख्या नमंगान शहरात माझ्याशिवाय कोणी लिहू शकत नाही. एकतीस वर्षं वाचनालयात बागकाम आणि निसर्ग विभाग सांभाळला. कोणी म्हणालं टोमॅटोला कीड लागली, की मी उठून नेमकं पुस्तक काढून द्यायचो. एकही माणूस तक्रार घेऊन परत आला नाही. पुस्तक घेऊनही कोणी आलं नाही, पण तो मुद्दा वेगळा.
मी निवृत्त झालो आणि विभाग बंद झाला. दोनशे बारा पुस्तकं घरी आणली. बायको, मस्तुरा, म्हणते, मागच्या खोलीत एक तर ही पुस्तकं राहतील नाहीतर मी. सध्या पुस्तकं राहतात.
प्रत्यक्ष अनुभव नाही म्हणे. अनुभव पुस्तकात असतोच की! दुसऱ्याने घेतलेला, म्हणजे हात न मळवता मिळालेला.

५ मार्च
ताश्कंदला फोन. प्रकाशिका शाइस्ता आपांना कल्पना फार आवडली. तुमची स्वतःची बाग आहे ना, असं विचारलं. आहे म्हटलं. अंगण आहे, म्हणजे बाग हा फक्त वेळेचा प्रश्न. जूनच्या सुरुवातीला फोटो काढायला येणार आहेत. तेव्हा अगदी बहरात असेल, असं सांगून टाकलं.
उद्यापासून पाचला उठणे.

६ मार्च
पावणेनऊला उठलो. रोपंसुद्धा ऊन आल्याशिवाय काही करत नाहीत. चॅप्टर एकमध्ये घ्यावं.

१२ मार्च
मस्तुराचा कांद्या-पुदिन्याचा वाफा खणून काढला. तिथे आता 'बाल-विज्ञान वाफा'. सूपमध्ये काय घालू, असं तिने विचारलं. विज्ञानासाठी थोडा त्याग करावा लागतो, असं समजावलं. तिने बिनकांद्याचं सूप वाढलं. त्यागच होता तो.
शेजारच्या अनोर खोलांनी (खोला म्हणजे मावशी) भिंतीवरून डोकावून विचारलं, पाण्याचा पाइप फुटला का हो? म्हटलं, बाग करतोय. त्यांनी वाफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, अल्ला बरं करो.

२१ मार्च, नवरोज
शुभ दिवस. मुळा, काकडी, झिनिया, सूर्यफूल, सगळं पेरलं. ओयदिन दिवसभर मागेमागे होती. (ओयदिन म्हणजे आमच्या मुलीची मुलगी. वय नऊ. शाळेसाठी आमच्याकडे राहते. मला बुवा म्हणते, आजीला, म्हणजे मस्तुराला, बुवी.) मी समजावत होतो आणि ती वहीत लिहून घेत होती. मधूनमधून चित्रही काढते. आजकालच्या मुलांना शिकण्याची ओढ नाही म्हणणाऱ्यांना ही पोरगी दाखवायला हवी.

२ एप्रिल
काहीच उगवलेलं नाही. पाणी दिवसातून तीनदा केलं. ओयदिन म्हणाली, बुवा, बुवी तर चार दिवसांतून एकदाच द्यायची. म्हटलं, बाळ, बुवीने एकही पुस्तक वाचलेलं नाही. तिने लिहून घेतलं.

९ एप्रिल
आज मोठं काम. द्राक्षाच्या वेलीची छाटणी.
वेल माझ्या सासऱ्यांनी आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेली. चाळीस वर्षं अंगणभर वाटेल तशी पसरली आहे. शिस्त म्हणून नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, 'वसंतात निर्दयपणे छाटा'. मस्तुरा बाजारात गेली होती. तीन तासांत वेल पुस्तकातल्या चित्रासारखी केली. खरं तर चित्रापेक्षाही सुटसुटीत.
संध्याकाळी कापलेल्या प्रत्येक टोकातून टपटप पाणी गळू लागलं. ओयदिनने विचारलं, बुवा, वेल रडतेय का? म्हटलं, हलकं वाटत असेल तिला.

१० एप्रिल
पुस्तक बर्फाळ प्रदेशातलं निघालं. पहिलं पान फाटलेलं होतं, त्यामुळे लक्षात आलं नाही. आपल्याकडे हे काम रस चढायच्या आधी उरकतात म्हणे. शिवाय ज्या फांद्यांना द्राक्षं धरतात, नेमक्या त्याच गेल्या.
मस्तुरा वेलीखाली उभी राहिली. काहीही बोलली नाही. चाळीस वर्षं मी अशा दिवसाची वाट पाहिली होती. आज तो आला आणि जरासुद्धा मजा आली नाही.

२१ एप्रिल
अबोल्याचा बारावा दिवस. बोलणं ओयदिनमार्फत. बुवीने सांगितलंय, जेवण झाकून ठेवलंय. बुवीने सांगितलंय, कात्री सापडणार नाही, शोधू नका.
वेलीखाली बादली ठेवली आहे. गळणं थांबलं, तरी राहू दिली.
अनोर खोला येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, वेल जगेल, पण यंदा ना द्राक्षं ना सावली. मग आवाज खाली आणून, मोठ्या भावाला सांगावं तसं म्हणाल्या, तोशपुलात अका, तुम्ही आपले वाचत बसत जा ना. वाचताना किती छान दिसता!
खरं आहे. चष्मा लावल्यावर माझा चेहरा भारदस्त होतो.

४ मे
उगवलं!! बाल-विज्ञान वाफ्यात चौदा टवटवीत रोपं. एका बैठकीत चॅप्टर तीन लिहून काढला. नाव 'विजय'.
दुपारी मस्तुरा वाफ्याजवळ आली. पंचवीस दिवसांनी मला उद्देशून पहिलं वाक्य बोलली. म्हणाली, अहो, हे तण आहे.
बोलली! तणाचे फायदे, यावर एक स्वतंत्र चॅप्टर हवा.

१६ मे
तणानंतर थोडं खरंही उगवलं होतं; त्यातल्या शेवटच्या काकडीवर मावा पडला होता. साबणाचं पाणी फवारलं. पुस्तकात 'चमचा' होता, माझ्या डोक्यात 'वाटी' राहिलं. मावा ठणठणीत आहे. काकडी गेली.

२८ मे
शाइस्ता आपा मंगळवारी येताहेत. बागेची आजची स्थिती : सूर्यफूल, नग एक. उंची गुडघ्याइतकी. मान खाली.
ठरवलं. सगळं खरं सांगून टाकायचं. प्रामाणिकपणापुढे बाग ती काय!

३० मे
प्रामाणिकपणाचेही प्रकार असतात. अनोर खोलांकडे सव्वीस कुंड्या मागितल्या, फक्त एका दिवसासाठी. त्या इतक्या हसल्या की दारातच खाली बसल्या. कुंड्या दिल्या, पण तीन अटींवर. पाणी घालायचं नाही, हात लावायचा नाही, आणि जवळ बसून मोठ्याने वाचायचंसुद्धा नाही.

३ जून, रात्रीच्या जेवणाआधी
लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो.
सुरुवात झकास झाली. शाइस्ता आपा फाटकातच थबकल्या. अंगणभर पेटुनिया, जिरेनियम, लिंबाचं झाड. खूप फोटो काढले. एका फुलापाशी थांबून विचारलं, ही जात कोणती? मी म्हटलं, मोठी. त्यांनी मान डोलावली.
तपचानवर, म्हणजे वेलीखालच्या लाकडी बैठकीवर, चहा, सामसा. मी हस्तलिखित पुढे ठेवलं, एकशे चाळीस पानं. तेवढ्यात त्यांनी सहज ओयदिनला विचारलं, मग, बुवांकडून काय काय शिकलीस? ओयदिन धावत जाऊन वही घेऊन आली.
वहीच्या कव्हरवर लाल अक्षरात : 'बुवांनी काय काय मारलं'.
एकतीस पानं. प्रत्येक पानावर चित्र, नाव, तारीख आणि मरणाचं कारण. मुळा, बुडून. झिनिया, बुवांचा पाय पडून. दुसरी झिनिया, दुसरा पाय पडून. शेवटचं पान आजचंच. सव्वीस कुंड्यांचं सुंदर चित्र आणि खाली : 'हे सगळे अनोर खोलांकडून आलेले पाहुणे. अजून जिवंत आहेत. संध्याकाळी घरी जातील.'
शाइस्ता आपांना चहाचा ठसका लागला. मस्तुराने पाठ थोपटली, पण तिचे स्वतःचे खांदे हलत होते. भिंतीपलीकडूनही हसण्याचा आवाज आला. शाइस्ता आपांनी डोळे पुसले आणि वही पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. चहाची किटली माझ्या हस्तलिखितावर ठेवली.
जाताना वही घेऊन गेल्या. हस्तलिखित विसरल्या.

४ जून
सकाळी ओयदिन दारात उभी. बुवा, रागावलात? म्हटलं, छे. मग म्हटलं, थोडासा. मग ती माझ्याजवळ येऊन बसली आणि वहीत काय काय होतं ते सांगू लागली. तोंडपाठ होतं तिला. काल हसण्याच्या गोंधळात माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ होती. त्या झाडाला खरं काय हवं होतं, ते. बुवीला आणि अनोर खोलांना विचारून लिहिलेलं. मुळ्याला चार दिवसांतून एकदा पाणी पुरलं असतं. झिनियाला पायवाटेपासून लांब लावायला हवं होतं.
वेलीचं पानही सांगितलं. 'वेल मेली नाही. बुवी मोरीत जाऊन रडली. बुवांनी बादली ठेवली. बादलीने काही होत नाही, पण ठेवली.'
मस्तुरा रडली होती, हे मला माहीत नव्हतं.
वही चांगली आहे. दोनशे बारा पुस्तकांत इतकं सोपं कोणी लिहिलेलं नाही. हे फक्त इथे लिहितोय.
दुपारी स्वयंपाकघरात जाऊन मस्तुराची माफी मागितली. ती म्हणाली, कांदे चिरा. चिरले. तिने ते पुन्हा चिरले.

१९ जुलै, दुपार
त्रेचाळीस डिग्री. वेलीची सावली नसल्याने तपचान तंदूरसारखी तापते. मस्तुराच्या माहेरची मंडळी पलोव खायला आली होती. माझा मेव्हणा एका हातात छत्री धरून जेवला. अंगणात उजेड किती छान झालाय, असं मी म्हटलं. मेव्हण्याने छत्री दुसऱ्या हातात घेतली.

१२ ऑगस्ट
वहीचं पुस्तक होणार. ओयदिनच्या आईने सही केली. शाइस्ता आपांना फोनवर विचारलं, यात माझं स्थान काय? त्या म्हणाल्या, मध्यवर्ती.
समाधान वाटलं. नीट विचार केला तर सगळी सामग्री माझीच आहे. मी मारलं नसतं तर पोरीने लिहिलं काय असतं?

९ नोव्हेंबर
प्रकाशन समारंभ, शहरातल्या बाल-वाचनालयात. हॉल खचाखच. जितकी मुलं तितकेच मोठे, आणि हसायला मोठेच पुढे. ओयदिनने मुळ्याचं पान वाचलं, टाळ्या. दोन्ही झिनिया वाचल्या, तुफान टाळ्या. वेलीचं पान वाचलं तेव्हा कोणीच हसलं नाही. अनोर खोलांनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्याला लावलं.
मग मला मंचावर बोलावलं. मी भाषण तयार केलं होतं, 'बागकामात ग्रंथांचं स्थान', अठरा मिनिटांचं. पहिलं पान उलटलं तोच पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीने हात वर केला. उभी राहून तिने अगदी काळजीने विचारलं, बुवा, तुमच्या हातून वाचलेलं असं काहीच नाही का?
मी विचार करू लागलो. खरोखर करू लागलो. मुळा, काकडी, झिनिया, पुदिना… डोळ्यांपुढे एकेक येऊन गेलं.
तेवढ्यात मागच्या रांगेतून मस्तुरा उठून उभी राहिली. म्हणाली, आहे की, मी! चाळीस वर्षं झाली. पण मी पाणी स्वतःचं स्वतः घेते.
हॉल असा हसत सुटला की पुढची सतरा मिनिटं बोलता आलं नाही.