मांडीवरचा पुठ्ठा

१९ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. कोणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत, मीसुद्धा बराचसा. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी बोटांसाठी रोज एक पान लिहायला सांगितलंय. महिनाभर मी वाहतुकीचे नियमच लिहून काढले. काल ही म्हणाली, "अहो, त्यापेक्षा एखाद्या माणसाला लिहा की." म्हणून तुला लिहितोय.

आता चहाचा कप धरता येतो. शर्टाची बटणं लावता येतात, गळ्याचं सोडून. जिना चढतो. तळपाय मात्र त्या आजाराला चौदा महिने झाले तरी बधिरच आहेत. परवा चप्पल घालायची राहिली आणि मी तसाच कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलो. दुकानदाराने सांगितलं तेव्हा कळलं. घरी आल्यावर पोरगी पोट धरधरून हसली. मीही हसलो, हसायला हवं होतं म्हणून. सध्या माझं असंच आहे. राग, हसू, काळजी, सगळं दोन खोल्या पलीकडे चाललंय असं वाटतं.

तुला एक चांगली बातमी द्यायची होती. मी पुन्हा गाडी चालवायला लागलो आणि कामावर रुजू झालो. 'होती' म्हणतो, कारण ती अकराच दिवस टिकली.

कामावर घ्यायचं तर डॉक्टरांचा दाखला आणा, असं मालक म्हणाले. मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंनी मला पलंगावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि पायाचा अंगठा धरून हलवला. "आता वर की खाली?" असं दहा वेळा. मी दहाच्या दहा बरोबर सांगितले. त्यांनी खुशीत दाखला लिहून दिला.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशी टाळ्या वाजल्या. भिंतीवरच्या खिळ्याला माझा पुठ्ठा तसाच लटकत होता. शिकणाऱ्याने पायांकडे बघू नये म्हणून मी तो त्याच्या मांडीवर आडवा ठेवतो, हे तुला सांगायला नको. तेवीस वर्षं हेच केलं. पोरं मला पुठ्ठेमास्तर म्हणतात, अर्थात माझ्या माघारी.

घरून कामावर मी स्वतःच गाडी चालवत जायचो, सकाळी रस्ते रिकामे असताना. ब्रेककडे बघायचं, समोर बघायचं, परत ब्रेककडे. पण एकदा का शिकवायला बाजूला बसलो की तसं बघता यायचं नाही. शिकणाऱ्यासमोर मास्तरच मान खाली घालून कसा बसणार?

अकराव्या दिवशी गाडीत बेकरीवाली बाई होती. पन्नाशीची, घाबरट. गोदामाच्या कोपऱ्यावर अंड्यांचे ट्रे लादलेला सायकलवाला एकदम आडवा आला. माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, तुला आठवत असेल. मी तो दाबला. गाडी थांबेना. आणखी जोरात दाबला. मग थांबली, सायकलच्या चाकापासून हातभर अंतरावर. सायकलवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि निघून गेला. एकही अंडं फुटलं नाही.

बाई म्हणाली, "सर, रागावू नका हं. मी पुठ्ठा जरा सरकवला होता. कोपरा यायच्या आधी मी पाय कुठे आहे ते बघून घेते आणि मग समोर बघते. म्हणून तर लागला ब्रेक."

"तुम्ही दाबलात?"

"मग काय! तुम्ही दाबला असता तर मी काचेवर आपटले असते. तुमचा ब्रेक केवढा कडक असतो, सगळ्या जणी सांगतात."

मी खाली बघितलं. माझा बूट ब्रेकच्या शेजारी होता आणि गाडीचा तळ दाबत होता, अजूनही, सगळा जोर लावून. छातीत धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. तो बूट दुसऱ्याच कोणाचा असावा तसा मी बघत राहिलो.

आता खरं सांगतो. दवाखान्यात मी डोळे मिटलेच नव्हते. पापण्या किलकिल्या ठेवून अंगठा बघत होतो. जे करू नका म्हणून तेवीस वर्षं लोकांवर ओरडलो, तेच चोरून केलं, आणि मग दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी घेऊन बसलो.

त्याच दुपारी मालकांना सांगितलं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझी फाईल उचलली आणि पाय दिसू नयेत म्हणून माझ्या मांडीवर आडवी धरली. दहापैकी चार आले. नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते. दाखला गेला.

फाईल मांडीवर आली तेव्हा तू आठवलीस. खोटं कशाला बोलू, त्याच्या कितीतरी आधीपासून आठवत होतीस. भाऊजींना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचं म्हणून तू माझ्याकडे शिकायला आलीस. मी पुठ्ठा ठेवला, तू तो काढलास, आणि मागे बसलेल्या दोन पोरींसमोर मी म्हणालो, "ताई, तुझ्या पायांना अक्कलच नाही. बसने जात जा." तू भर रस्त्यात उतरलीस आणि चालत घरी गेलीस. पुढे भाऊजी जाईपर्यंत तू गाडीसाठी कोणाकोणाच्या दारात उभी राहिलीस. माझ्या दारात कधी आली नाहीस.

आणि मी नळ्या लावून पडलो होतो तेव्हा दोन बस बदलून रोज यायचीस. पायाशी बसून तळवे चोळायचीस. पायांना काही कळत नव्हतं, तू दिसायचीस म्हणून कळायचं. तेव्हा तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. नळी निघून वर्ष होऊन गेलं. ते निमित्त आता पुरे.

चुकलो, ताई. तुझे पाय चांगले होते. मास्तर वाईट होता.

मालकांनी मला काढलं नाही. सध्या वर्गात रस्त्यावरच्या खुणा शिकवतो. जानेवारीत हाताने ब्रेक दाबायची गाडी येणार आहे. ती मी पहिल्यापासून शिकणार, परीक्षाही देणार. शिकणाऱ्यांच्या वहीत सातच्या ओळीत माझं नाव आहे. साडेसातची ओळ, साध्या गाडीची, मी कोरी ठेवायला सांगितली आहे. शिकवायला नवी मास्तरीण आहे, ती आवाज चढवत नाही. मी मागे बसेन, किंवा तू म्हणशील तर तिथेही नाही. आता शिकून न्यायचं कोणाला, असं तू विचारलंस तर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

सोबत पुठ्ठा पाठवतोय. फाड, जाळ, काय वाटेल ते कर. पाकिटात मावेना म्हणून मधे दुमडला. दुमडताना बोटं थरथरत होती. व्यायामवाल्या बाई म्हणतील, अशक्तपणा आहे. मला तसं वाटत नाही.

पायाकडे बघून चालणारा,
तुझा धाकटा