सुनिलभाऊंनी प्यायलेलं पाणी

वडसा, शनिवार

आदरणीय खैरुन फुफींना नाहीदचा सलाम.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी आपल्या रंगकामाचं पाणी स्वच्छ झालं असं लिहिलं. ते खरं नाही. ते फक्त बिनरंगी झालं. पाहिलं तेवढंच लिहावं, हे पाटीवर तुम्हीच शिकवलंत, म्हणून तुमच्या गुडघ्यांची विचारपूस मागे पडली. (गुडघे कसे आहेत? सिरोंच्यात नदीकडून थंडी यायला लागली असेल.)

कृती तीच. रंगाच्या पाण्यात निवळीच्या बियांची पूड कालवायची, गाळ बसला की राइस मिलच्या जळक्या कोंड्यातून ते गाळायचं. वरून लाल ओतलं की खालून नितळ येतं. अब्बांना इतका आनंद झाला की त्यांनी ते काचेच्या सुरईत भरून दुकानात मांडलं. आता, आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं ही आपल्या घरची रीत. मिलमधले सुनिलभाऊ कोंड्याचं पोतं घेऊन आले, अम्मीने हाताशी होती ती सुरई ओतली, आणि मी आतून धावत येईपर्यंत ग्लास रिकामा.

तेव्हापासून मी रोज मिलवर जाऊन त्यांच्या पोटाची चौकशी करत होते. (अम्मीचं नाव येईल म्हणून कारण सांगत नव्हते.) शेवटी त्यांच्या बायकोने, दिव्यानीवहिनीने, मला दारातच अडवलं. "काऊन वं नाहीद, ह्यांच्या पोटाची तुले एवढी काळजी?" मग सगळं सांगावंच लागलं. मला वाटलं, आता भांडण होणार. पण सुनिलभाऊ तर आपण रंग पचवला असं मिलभर सांगत सुटले. एवढंच म्हणाले, "जरा खारं लागलं. मले वाटलं, सरबतात लिंबू पिळाचं राहून गेलं."

फुफी, त्या खाऱ्याने माझी झोप उडाली. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून आपण मीठ आणि सोडा टाकतो. कोंड्याने रंग धरला, मीठ तसंच खाली उतरलं. आणि अब्बांनी ठरवलंय, गाळलेल्या पाण्याच्या खड्ड्याची पाळ फोडून ते मागच्या बोडीत सोडायचं. त्या एवढ्याशा तळ्यात गुणाबाईंचा शिंगाडा आहे. त्यांचं वर्ष त्यावरच निघतं. मी म्हटलं, तपासायला दिलेल्या पाण्याचा निकाल तरी येऊ द्या. अब्बा म्हणाले, "सुनिल पिऊन धडधाकट फिरून राह्यला. आणखी कोणता निकाल पायजे तुले?" गुणाबाईंना सावध करायला गेले, तर त्याच माझी समजूत घालू लागल्या. "तुह्या बापानं आजवर कोणाचं वाईट केलं नाई, पोरी. आता कायले करंल?" आणि मला शिंगाडे उकडून दिले. मी ते खाऊ शकले नाही.

बाकी सर्व ठीक. अम्मी सलाम सांगते.

तुमची,
नाहीद

ता. क. बाकी ठीक नाही. अब्बा दुनियेत फक्त आपल्या बहिणीला भितात, म्हणजे तुम्हाला. गुडघे दुखत असले तरी बुधवारच्या बसने या.

ता. क. पुन्हा. येणं जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. लेक बसलेल्या जागी अब्बा फावडं चालवणार नाहीत, एवढी मला खात्री आहे. (जवळजवळ आहे.) ते यायच्या आत मी पाळीवर जाऊन बसणार आहे, गुरुवारी, बारा नोव्हेंबरला.